खाल्लेलं अंगी लागावं म्हणून

मधुमेहाच्या माणसाला डॉक्टर पुष्कळ प्रश्न विचारतात. उपाशीपोटी शुगर किती, जेवणानंतर किती, तीन महिन्यांची सरासरी किती, पायांना मुंग्या येतात का, डोळे कधी तपासले? नागपुरात धंतोली-रामदासपेठेतला दवाखाना असो की मेडिकल-मेयोच्या ओपीडीतली रांग, ही प्रश्नावली आता ठरून गेली आहे आणि ती ठरली हे चांगलंच झालं. पण तिच्यात एक प्रश्न अजून नीटसा शिरलेला नाही : संडास कशी होते? विचारणाऱ्याला घाई असते, सांगणाऱ्याला लाज वाटते आणि बाजूच्या खुर्चीवर सून किंवा जावई बसलेला असतो. त्यामुळे जेवल्यावर पोट तट्ट फुगणं, दिवसातून तीन-चारदा जावं लागणं, पाणी टाकलं तरी भांड्याला चिकटून राहणारा तेलकट, उग्र वासाचा मळ, हे सगळं घरातच राहतं. डॉक्टरांपर्यंत पोचतं ते एवढंच की वजन उतरतंय, खाल्लेलं अंगी लागत नाही. त्यावर घरचे, शेजारचे आणि पुष्कळदा दवाखान्यातलेही म्हणतात की शुगरनं माणूस वाळतोच.

शुगर बेताल वाढलेली असली तर वाळतो, हे खरं आहे. पण शुगर बऱ्यापैकी ताब्यात असताना, माणूस पोटभर जेवत असताना वजन घटत राहिलं, तर त्याचं कारण दुसरीकडे शोधायला हवं. ती दुसरी जागा त्याच अवयवात आहे, ज्याच्या एका भागाच्या बिघाडाला आपण मधुमेह म्हणतो. स्वादुपिंडातून आतड्यात उतरणारे पाचकरस कमी पडणं आणि तेही मधुमेह असलेल्या माणसात कमी पडणं, हा या पुस्तकाचा विषय आहे. तो डॉक्टरांसाठी नवा नाही; रुग्णांपर्यंत मात्र तो मराठीतून फारसा आलेला नाही, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबवतो आहे.

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवं पसरलेलं स्वादुपिंड वीतभर लांबीचं आणि शंभर ग्रॅमच्या आतबाहेर वजनाचं असतं. एकाच घरात दोन बिऱ्हाडं राहावीत तशी त्यात दोन कामं चालतात. इन्सुलिन आणि ग्लुकॅगॉन थेट रक्तात सोडणाऱ्या पेशींची छोटी छोटी बेटं हे एक बिऱ्हाड. पण अवयवाच्या वजनात त्यांचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के. उरलेला जवळजवळ सगळा भाग पचनासाठी राबतो. तो रोज लिटर-दीड लिटर रस आतड्यात सोडतो. त्या रसातलं बायकार्बोनेट जठरातून आलेलं आम्ल शमवतं, अमायलेज पिष्टमय पदार्थ फोडतं, ट्रिप्सिन आणि त्याची भावंडं प्रथिनं फोडतात आणि लायपेज तेल-तुपाचं काम पाहतं. म्हणजे आपण ज्याला इन्सुलिनचा अवयव म्हणून ओळखतो, तो मुळात पचनाचा अवयव आहे.

हे ज्ञान जुनं आहे. फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं की चरबी पचवण्यात स्वादुपिंडाच्या रसाचा मोठा वाटा आहे. १८६९ साली बर्लिनमध्ये पाउल लांगरहान्स या तरुण विद्यार्थ्याला सूक्ष्मदर्शकाखाली ती बेटं दिसली. ती काय करतात हे त्याला ठाऊक नव्हतं. वीस वर्षांनी, १८८९ मध्ये, स्ट्रासबुर्गला मेरिंग आणि मिंकोव्स्की यांनी एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि त्याला मधुमेह झाला. तिथून १९२१ च्या टोरांटोपर्यंतची, बँटिंग आणि बेस्ट यांच्या इन्सुलिनची गोष्ट शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. तिच्या पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. इन्सुलिन हाती आल्यानंतरच्या वर्षांत टोरांटोतच स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांना नुसत्या इन्सुलिनवर जगवण्याचा प्रयत्न झाला. शुगर सांभाळली गेली, तरी काही महिन्यांत ते खंगून मरत आणि त्यांच्या यकृतात चरबी साचलेली सापडे. खाण्यात कच्चं स्वादुपिंड मिसळायला सुरुवात झाली, तेव्हा ते तगले. या यकृताच्या दुखण्याचा माग काढत बेस्ट आणि त्यांचे सहकारी पुढे कोलीन या पोषकद्रव्यापर्यंत पोचले. स्वादुपिंड गमावलेल्या जिवाला इन्सुलिन पुरेसं नाही, ही गोष्ट इन्सुलिनच्या जन्मगावीच कळलेली होती. नंतर मात्र वैद्यकाचे विभाग पडले. शुगर मधुमेहतज्ज्ञाकडे गेली, पोट पोटविकारतज्ज्ञाकडे गेलं आणि रुग्ण दोन फाइली घेऊन दोन दारांत फिरू लागला.

पाचकरसांची कमतरता उशिरा कळते, कारण निसर्गानं या अवयवाला भरपूर शिल्लक देऊन ठेवली आहे. मेयो क्लिनिकमध्ये (अमेरिकेतल्या, आपलं नागपूरचं मेयो वेगळं) १९७३ साली झालेल्या अभ्यासात दिसलं की लायपेजचं प्रमाण नेहमीच्या एक दशांशाच्याही खाली जातं, तेव्हा कुठे मळातून चरबी उघडपणे वाहू लागते. पिष्ट पचवायला लाळेतलं अमायलेज थोडी मदत करतं, प्रथिनांना जठर आणि आतड्याचा काही आधार असतो. तेल-तुपाला तसा भरवशाचा पर्याय नाही. शिवाय लायपेज नाजूक, आम्लात लगेच निकामी होणारं. म्हणून पहिला फटका स्निग्ध पदार्थांच्या पचनाला बसतो.

इथे आपल्याकडची एक सवय आड येते, तिच्याकडे मला विशेष लक्ष वेधायचं आहे. आपल्या भागातलं जेवण तेलाला कचरत नाही. सावजीचा रस्सा, पोह्यांवरची तर्री, गोळाभातावर ओतलेलं फोडणीचं तेल, पाटोडीची भाजी, सांबारवडी, वडाभात. ज्याचं लायपेज आटत चाललं आहे, त्याला असल्या जेवणानंतरच पहिल्यांदा त्रास जाणवतो. मग तो काय करतो? पथ्य धरतो. तेल बंद, तूप बंद, शेंगदाणे बंद. मऊ भात, पातळ वरण, भाजलेला पापड. घरातल्या बायका मायेनं वेगळा स्वयंपाक करतात. आठ-पंधरा दिवसांत पोट शांत होतं, मळ सुधारतो आणि सगळ्यांना वाटतं की दुखणं गेलं. दुखणं गेलेलं नसतं, त्याची खूण तेवढी पुसली जाते. तेल गेलं की जेवणातल्या ऊर्जेचा मोठा भाग जातो आणि चरबीत विरघळणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही अंगात मुरत नाहीत. वजन हळूहळू उतरतं, हाडं ठिसूळ होतात, दंडावरचं मांस झडतं. शिवाय मऊ भातानं शुगर चढते ती वेगळीच. अशा माणसाला ‘तुमचं पोट कसं आहे’ विचारलं तर तो खरेपणानं ‘चांगलं आहे’ म्हणतो. त्याला विचारायला हवं की तुम्ही खाण्यातून काय काय सोडलं आहे आणि का सोडलं.

मधुमेहात हे का व्हावं? कारणं एकाहून जास्त आहेत आणि ती एकमेकांत गुंतलेली आहेत. बेटांमधून निघणारं इन्सुलिन भोवतालच्या पाचक पेशींनाही पोसत असतं. ते आटलं की त्या पेशी रोडावतात. टाइप १ मधुमेहात संपूर्ण स्वादुपिंडच आकारानं लहान झालेलं आढळतं. जुन्या मधुमेहात नसा बिघडतात आणि जेवण आलं, रस सोडा, हा निरोप नीट पोचत नाही. आणखी एक शक्यता उलट्या दिशेची आहे : आधी स्वादुपिंड सुजलं, तिथे व्रण पडले, पाचक भाग गेला आणि त्याच्या पाठोपाठ बेटं गेली. म्हणजे मधुमेह हा परिणाम, कारण नव्हे. याला डॉक्टर टाइप ३सी म्हणतात. पुष्कळदा त्यावर टाइप २ चा शिक्का बसतो आणि वर्षानुवर्षं त्याच गोळ्या चालतात. या प्रकारात ग्लुकॅगॉनही कमी पडतं, त्यामुळे शुगर एकदा घसरली की सावरायला शरीराकडे साधन उरत नाही. इन्सुलिन घेतलं, जेवला, पण जेवण पचलंच नाही, तर काय होईल याचा विचार करा. ‘कधी चारशे, कधी पन्नास’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या कृश माणसाकडे या नजरेनं पाहायला हवं.

किती मधुमेहींना हा त्रास असतो, या प्रश्नावर मात्र जपून बोललं पाहिजे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या हार्ट आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात १,०२१ मधुमेहींच्या मळातलं इलास्टेज (स्वादुपिंडाच्या रसातलंच एक एन्झाइम) मोजलं होतं. टाइप १ मधल्या निम्म्या आणि टाइप २ मधल्या साधारण एक तृतीयांश लोकांत ते कमी निघालं. आकडा दचकवणारा आहे, आणि आयसीएमआर-इंडियाबच्या २०२३ मधल्या अहवालाप्रमाणे भारतात मधुमेहाची माणसं १० कोटींवर आहेत हे त्याला जोडलं तर आणखीच. पण इलास्टेज कमी असणं आणि अन्न न पचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रस थोडा घटला तरी शिल्लक पुरते. अशा अनेकांच्या मळात चरबी नसते, वजन टिकून असतं, त्यांना औषधाची गरजही नसते. माझं मत स्पष्ट आहे : सरसकट प्रत्येक मधुमेहीची ही तपासणी करत सुटू नये आणि लक्षणं असलेल्या एकालाही तिच्यावाचून ठेवू नये.

आपल्या देशात या विषयाची स्वतःची एक जुनी आणि दुःखद कथा आहे. १९५९ साली झुइडेमा यांनी इंडोनेशियातल्या कुपोषित, गरीब रुग्णांमध्ये स्वादुपिंडात खडे आणि सोबत मधुमेह असल्याची नोंद केली. त्यानंतर केरळात डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी अशा रुग्णांचा मोठा समूह अभ्यासला. त्यांचा ग्रंथ १९६८ साली मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनानं छापला. लहानपणी पोटात कळा, पौगंडात किंवा तरुणपणी मधुमेह आणि भर उमेदीत मृत्यू, असा त्या काळी या आजाराचा प्रवास असे. महाराष्ट्रात पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांवर बारकाईनं काम केलं. इन्सुलिनची गरज असूनही हे रुग्ण टाइप १ च्या रुग्णांसारखे कीटोसिसमध्ये (रक्तात कीटोन साचण्याच्या अवस्थेत) का जात नाहीत, हा त्यांच्यापुढचा एक प्रश्न होता. १९९५ साली पुणे आणि मद्रास इथल्या रुग्णांचा अनुभव एकत्र मांडणारा लेखही प्रसिद्ध झाला. म्हणजे हा केरळपुरता आजार नव्हे. मराठी घरांतही तो होता आणि आहे.

बराच काळ या खड्यांचा दोष टॅपिओकाच्या कंदाला दिला गेला, कारण केरळात गरिबाचं पोट त्याच्यावर चाले आणि त्यात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. हे वाचून आपल्याकडे कुणालाही एकादशीचा साबुदाणा आठवेल, म्हणून इथेच सांगतो. तो तर्क पुढच्या संशोधनात टिकला नाही. कंद न खाणाऱ्या प्रदेशांतही आजार सापडला, आणि आज स्पिंक१ सारख्या जनुकांतले बदल हे त्याचं जास्त भक्कम कारण मानलं जातं. साबुदाण्यानं स्वादुपिंडात खडे होत नाहीत. मधुमेहीनं तो बेतानं खावा तो शुगरसाठी.

विदर्भात आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. एक सिकलसेल. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद शुक्ल आणि सोलंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये केली, त्याला आता सहा दशकं उलटून गेली. सिकलसेलच्या आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यातून पित्ताशयात खडे होतात, आणि खडा सरकून नळीच्या तोंडाशी अडकला तर स्वादुपिंडाला सूज येते. शिवाय पेशींचं आयुष्यच कमी झाल्यामुळे एचबीए१सी, म्हणजे शुगरची तीन महिन्यांची सरासरी, प्रत्यक्षाहून कमी दिसतं. गोंदिया, गडचिरोली, बालाघाट, छिंदवाड्याहून नागपूरला आलेल्या रुग्णाचा ‘सहाच्या आत’ असलेला आकडा पाहून समाधान मानण्याआधी त्याला सिकलसेल आहे का, हे विचारलं पाहिजे. असेल तर बोटातून काढलेल्या रक्तावरच्या रोजच्या नोंदी किंवा फ्रुक्टोसामाइन हाच आधार. दुसरी गोष्ट दारू. स्वादुपिंडाच्या जुनाट सुजेचं ते मोठं कारण आहे आणि बिडी-सिगारेट त्या आगीत तेल ओतते. गडचिरोलीनं १९९३ पासून दारूबंदी स्वीकारली, चंद्रपूरची २०१५ मधली बंदी २०२१ मध्ये उठली. त्या वादात मी इथे शिरत नाही. पण पोटात वारंवार कळा येणाऱ्या माणसाला ‘घेता का’ हे रागावून न विचारता, पण नक्की विचारावं. आणि जो कधीच घेत नाही त्याच्यावर संशयही धरू नये, कारण दारूविनाही हा आजार पुष्कळांना होतो.

तपासणी साधी आहे. मळाच्या छोट्या नमुन्यात इलास्टेज मोजतात. एका ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमच्या वर म्हणजे ठीक, १०० च्या खाली म्हणजे कमतरता बरीच संभवते, मधला आकडा लक्षणांबरोबर वाचायचा. पाण्यासारख्या जुलाबाचा नमुना दिला तर आकडा खोटाच कमी येतो, म्हणून शक्यतो घट्ट मळ द्यावा. सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनमध्ये खडे, फुगलेली नळी, आकसलेलं स्वादुपिंड दिसू शकतं. आणि मधुमेहीच्या जुलाबाला इतर कारणंही असतात. मेटफॉर्मिननं पोट बिघडतं, व्होग्लिबोजनं गॅस होतो, टाइप १ मध्ये गव्हाचं वावडं असणारा सिलिअॅक आजार जास्त आढळतो, नसा बिघडल्यानं आतड्यात जिवाणू माजतात. ही कारणं आधी चाळून घ्यावीत. एक इशारा मात्र ठळकपणे देतो : पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला आणि त्याबरोबर वजन झपाट्यानं उतरू लागलं, तर स्वादुपिंडाच्या कर्करोगाची शंका निरस्त केल्याशिवाय थांबू नये.

औषध आहे आणि ते चांगलं काम करतं. एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात. मोठ्या जेवणाला साधारण ४० ते ५० हजार लायपेज युनिट, मधल्या खाण्याला त्याच्या निम्मी, अशी सुरुवात करतात. कॅप्सूल जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर आणि जेवताना घ्यायची. उपाशीपोटी किंवा हात धुतल्यावर घेतली तर अन्न आणि औषध यांची गाठच पडत नाही. आतले दाणे चावायचे-कुटायचे नाहीत, कारण त्यांच्यावरचं आवरणच जठरातल्या आम्लापासून लायपेजला वाचवतं. दहा हजारांची एक गोळी दिवसातून एकदा घेऊन ‘गुण नाही’ म्हणणारे पुष्कळ आहेत. तिथे औषध चुकलेलं नसतं, मात्रा तोकडी असते. घरोघरच्या फडताळात असलेली रंगीत पाचक सिरपं हा याला पर्याय नव्हे. त्यांत बहुधा बुरशीपासून काढलेलं डायस्टेज आणि पेप्सिन किंवा पपईचं पपेन असतं. लायपेजची गरज त्यांनी भागत नाही. आणखी एक, कॅप्सूल सुरू झाल्यावर अन्न अंगात मुरू लागतं, त्यामुळे शुगर वाढू शकते. घाबरून कॅप्सूल बंद करू नका. इन्सुलिन किंवा गोळ्यांची मात्रा डॉक्टरांकडून जुळवून घ्या. तेल-तुपाचं कडक पथ्यही मग बहुतेकांना लागत नाही.

हे एन्झाइम डुकराच्या स्वादुपिंडापासून काढतात. ही गोष्ट अनेकदा रुग्णाला सांगितलीच जात नाही. मला ते मान्य नाही. शाकाहारी जैन आजोबा असोत की मोमिनपुऱ्यातल्या आजी, आपण काय गिळतो हे कळण्याचा त्यांना हक्क आहे. सांगितल्यावर बहुतेक माणसं शांतपणे विचार करतात, आपल्या धर्मातल्या जाणत्यांना विचारतात. जीव वाचवण्यासाठी, दुसरा उपाय नसताना अशा औषधाला मुभा देणारी मतं इस्लामी विद्वानांनीही दिलेली आहेत. लपवलं आणि नंतर कळलं, तर औषध आणि विश्वास दोन्ही सुटतात. कॅप्सूल महाग आहेत आणि पुष्कळांना त्या कायम घ्याव्या लागतात. सरकारी रुग्णालयांत त्या इन्सुलिनइतक्याच खात्रीनं मिळायला हव्यात, ही मागणी मी इथे नोंदवून ठेवतो.

पुढच्या प्रकरणांत आहार, तपासण्या, औषधांच्या मात्रा आणि खड्यांवरचे उपचार सविस्तर आले आहेत. ते सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान एवढं करा. पुढच्या वेळी दवाखान्यात जाण्याआधी आठवडाभर शुगरच्या वहीत आणखी एक रकाना आखा : त्या दिवशी काय खाल्लं, किती वेळा जावं लागलं, मळ तेलकट होता का, वजन किती. आणि ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. त्यांनी विचारलं नाही, तरी तुम्ही सांगा.